सरळ वाटेची वाकडी चाके

जुन्या टायरांची खरेदी-विक्री करणाऱ्या एखाद्या दुकानापुढे पडलेला ढीग जरा थांबून न्याहाळला, तर असे आढळून येते की त्यांतील फारच थोडे टायर सर्वांगाने सारखे झिजून निवृत्त झालेले आहेत. बहुतेकांची एक कड अजून नवी वाटावी इतकी नक्षीदार असते आणि दुसरी इतकी गुळगुळीत, की रबराचा शेवटचा पापुद्राही जाऊन आतील दोऱ्यांचे, क्वचित पोलादी तारांचे, थर उघडे पडलेले दिसतात. दुकानदार ‘आतून खाल्लेला’ किंवा ‘बाहेरून खाल्लेला’ एवढे दोनच शब्द उच्चारून तसा टायर बाजूला लोटतो. परंतु ज्याला वाचता येते त्याला असा टायर म्हणजे त्या गाडीची रोजकीर्दच होय. दोन्ही कडा झिजून मधला पट्टा उंच राहिला असेल, तर मालकाने हवा कमी ठेवून गाडी दामटली. मधला पट्टा झिजून कडा राहिल्या असतील, तर हवा प्रमाणाबाहेर भरली. परिघावर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉकअब्सॉर्बर निकामी झाले होते किंवा चाकाचे वजन असमतोल होते. आणि एकच कड नाहीशी झाली असेल, तर त्या चाकाने रस्त्याशी ज्या कोनात उभे राहावयास हवे होते, त्या कोनात ते उभे नव्हते. या शेवटच्या कलमाची ही हकीकत आहे.

चाकाच्या ठेवणीत तीन कोन मुख्य मानतात. समोरून पाहिले असता चाकाचा माथा बाहेर किंवा आत कललेला असणे, हा कॅम्बर. वरून पाहिले असता जोडीच्या चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा जवळ किंवा दूर असणे, हा टो. आणि बाजूने पाहिले असता ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्षच मागे किंवा पुढे झुकलेला असणे, हा कॅस्टर. कॅस्टर बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, टायरला तो सहसा हात लावत नाही. कॅम्बर बिघडला तर एक कड खातो, पण सावकाश. टोचा उपद्रव मात्र असा, की त्याचा हिशेब मांडला म्हणजे पुष्कळांना तो खरा वाटत नाही. सहाशे मिलिमीटर व्यासाचे चाक आपल्या दिशेपासून पुढे-मागे मिळून अवघे तीन मिलिमीटर वळलेले असले, तर ते प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पाच मीटर आडवे घासते. म्हणजे मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्यास येईतो, दीडशे किलोमीटरच्या त्या प्रवासात, त्याने पाऊण किलोमीटर आडवी फरफट सोसलेली असते. अशा टायरवर तळहात आडवा फिरवावा: एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवताच नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना बोचते. डोळ्यांना हे कळावयास हजारो किलोमीटर जावे लागतात, हाताला ते फार आधी कळते. आणि जुने मेकॅनिक चाकापाशी बसताच प्रथम हात का फिरवतात, याचेही कारण हेच.

आता यातील खरे कौतुक असे, की गाडी सरळ चालावी म्हणून तिची चाके काटेकोर सरळ बसवली, तर ती सरळ चालत नाही. चाक सरळ चालवण्याची विद्या ही आरंभापासून चाक किंचित वाकडे ठेवण्याची विद्या होती, आणि ते वाकडेपण किती असावे याचा निर्णय दर पिढीत बदलत गेला.

मोटारीच्या कितीतरी आधी युरोपातील रथकारांना ही गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या चाकाचे आरे तुंब्यापासून धावेकडे जाताना थोडे बाहेर झुकत, त्यामुळे सबंध चाक उथळ थाळ्याच्या आकाराचे होई. आणि आखाची टोके खाली वाकवलेली असल्यामुळे त्या चाकाचा माथा बाहेर कलून, ज्या आऱ्यावर त्या क्षणी भार येई तो आरा मात्र जमिनीशी काटकोनात उभा राही. ज्याला पुढे कॅम्बर म्हणू लागले, त्याचा हा मूळ पुरुष. आपल्याकडे दख्खनेत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत जड, सबंध फळ्यांच्या भरीव चाकांचे गाडे चालत. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला आणि पुढे आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या गावोगाव पसरल्या, तेव्हा लोहार-सुतारांच्या हाती हे नवे कसब आले. परंतु लोखंडी धाव झिजली तरी ती तप्त करून नवी चढवता येते. तिच्या एका कडेच्या झिजेचा जाब कोणी विचारला नाही.

दुसरा प्रश्न वळणाचा. चार चाकांची गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात फिरते. दोघांनाही सारखेच वळवले तर त्यांपैकी एकाने घासत जाणे भागच असते. जुन्या बग्ग्यांत पुढचा सबंध आख मधल्या एका खिळीवर फिरवीत. तो पुष्कळ फिरला की गाडीचा पाया अरुंद होऊन ती कलंडे. इंग्लंडातील लिचफील्ड येथे वैद्यकी करणारे इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादी डार्विनचे आजोबा, रोग्यांच्या भेटीसाठी आयुष्याचा मोठा भाग गाडीत घालवीत. त्यांनी १७५९ च्या सुमारास असा तोडगा काढला की आख स्थिर ठेवावा आणि टोकाची चाकेच तेवढी, प्रत्येकी आपल्या खिळीवर, वळवावी. पेटंट त्यांनी घेतले नाही. (१७६८ साली स्वतःच योजलेल्या एका गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि ते जन्मभर लंगडत राहिले, हा या विद्येने आपल्या आद्य उपासकाला दिलेला प्रसाद.) हीच कल्पना म्युनिकचे रथकार गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांना स्वतंत्रपणे सुचली, आणि त्यांच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली जे पेटंट नोंदले गेले, त्यावर नाव पडले रुडोल्फ आकरमान यांचे. आकरमान हे चित्रांचे आणि ग्रंथांचे प्रकाशक. मूळचे गाड्यांचे आराखडे काढणारे, नेल्सनची अंत्ययात्रा ज्या रथातून निघाली तो रथ योजणारे. कल्पना एकाची, करणी दुसऱ्याची आणि कीर्ती मुखत्याराची, असा हा व्यवहार झाला. आजही जगभरचे अभियंते ‘आकरमान’ हेच नाव घेतात. १८७८ साली पॅरिसच्या शार्ल जांतो यांनी या रचनेला भूमितीचा नियम घालून दिला: चाकांना वळवणाऱ्या दोन भुजा अशा तिरक्या ठेवाव्या, की त्यांच्या रेषा वाढवल्या असता मागच्या आखाच्या मध्याशी मिळतील, म्हणजे आतले चाक आपोआप अधिक वळते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पहिल्या गाडीला तीनच चाके होती, याचे कारण हेच, की चार चाके वळवण्याचा उलगडा त्यांना तोवर समाधानकारक वाटेना; १८९३ साली त्यांनी तो आपल्या पद्धतीने करून पेटंट घेतले आणि मग चारचाकी गाडी बाजारात आणली. फ्रान्समध्ये आर्थर क्रेब्स यांनी त्याच दशकात आणखी एक पाऊल टाकले. वळणाचा अक्ष अशा रीतीने झुकवावा, की सुकाणू सोडून दिले असता चाके आपणहून सरळ रेषेत परत यावी, ही त्यांची मागणी होती, आणि १८९६ च्या त्यांच्या पेटंटात ती स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. वळणानंतर स्टिअरिंग हातातून सरकत पूर्वस्थितीला येते, या आपल्या रोजच्या सुखाचे ऋण क्रेब्सकडे जाते. ते कोणी मानत नाही, ही निराळी गोष्ट.

या सर्व खटाटोपात रबर अजून गौण होते. डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा. मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत तो मोटारीला लावून दाखवला. ते टायर फिकट रंगाचे, अल्पायुषी आणि पंक्चरांनी इतके ग्रासलेले असत, की वाकड्या चाकाने ते झिजवण्यापूर्वीच खिळे आणि नाल त्यांचा निकाल लावीत. रबरात कार्बनची काजळी मिसळण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ होऊन टायर काळे आणि चिवट झाले, आणि तेव्हा प्रथमच त्यांना सावकाश झिजण्याची फुरसत मिळाली. टायरांच्या रोजकीर्दीचे खाते खऱ्या अर्थाने उघडले ते तेव्हा.

चाकाचा माथा बाहेर कलता ठेवण्याची रथकारी रीत मोटारीने वारशाने घेतली. तिला त्या काळी रस्त्याचेही समर्थन होते. खडी दाबून केलेल्या रस्त्यांना पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मध्ये चांगलाच उंचवटा ठेवीत, आणि अशा पाठीवर दोन्ही चाके काटकोनात टेकावयाची तर ती बाहेर कललेलीच हवीत. हा उंचवटा गाडीला सतत कडेकडे लोटी. पुढे रस्तेच बदलू लागले. हिंदुस्थानात बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते-समितीने १९२८ साली आपला अहवाल सादर केला, त्याच्या शिफारशीने पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरून साऱ्या देशाच्या रस्त्यांची योजना आखली गेली. डांबरी रस्ता जसजसा पसरला तसतसा तो सपाटही होत गेला, आणि बाहेर कललेल्या चाकाची गरज पायाखालूनच सरकली. कॅम्बरच्या इतिहासात रस्त्याच्या या वाट्याकडे मोटारीचे इतिहासकार दुर्लक्ष करतात. माझ्या मते चाक बदलले ते अर्धे रस्ता बदलला म्हणून.

उरलेले अर्धे श्रेय, किंवा दोष, १९२३ साली अमेरिकेत फायरस्टोनने आणलेल्या रुंद, कमी हवेच्या बलून टायराला द्यावा लागतो. बसणाऱ्याला गादीवर बसल्याचे सुख मिळाले, पण त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, आणि दोहोंच्या संयोगाने एक नवी व्याधी उद्भवली: विशिष्ट वेग गाठताच पुढची चाके डावी-उजवीकडे इतकी थरथरू लागत, की चालकाच्या हातातून स्टिअरिंग निसटे. दोन्ही चाके एकाच अखंड आखावर असल्याने एक चाक उचलले की आख कले, आणि फिरते चाक कलले की भवऱ्याच्या नियमाने ते वळू पाही, असे हे दुष्टचक्र होते. त्याच काळात, १९२५ साली, फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रुल्ये यांनी असे दाखवून दिले की हवेचा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला तो जात नाही. बाजूचा रेटा आला की तो थोडा तिरका सरकत चालतो आणि त्या तिरकेपणातच त्याची पकड असते. लोखंडी धावेची भूमिती रबराला लागू करता येत नाही, हे या शोधाने पक्के झाले.

रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेले मॉरिस ओली यांनी आखाची ती साखळीच तोडली. १९३४ च्या त्या कंपनीच्या गाड्यांत पुढची दोन चाके स्वतंत्र भुजांवर टांगलेली आली आणि थरथर बहुतांशी थांबली. पण या सुखाची किंमत होती. अखंड पोलादी आखात कोन लोहाराच्या भट्टीतच ठरून जात. स्वतंत्र भुजांच्या रचनेत ते कोन बुश, बॉल-जॉइंट, पिना आणि चकत्या अशा अनेक लहान भागांच्या हवाली झाले, ज्यांतील प्रत्येक भाग झिजतो. स्वास्थ्याची प्रत्येक सुधारणा चाकाला अधिक हळवे करीत आली आहे.

व्यवसाय म्हणून चाके जुळवण्याचे काम याच वीस-तीस वर्षांत उभे राहिले. अमेरिकेतील रॉक आयलंड येथील बेअर कंपनीने या कामाची उपकरणे विकून गॅरेजांवर अस्वलाचे चित्र असलेल्या पाट्या झळकवल्या. वाकलेला आख गाडीखालीच साखळ्यांनी जखडून, दाबाच्या जॅकने थंडगार अवस्थेत उलट वाकवून सरळ करणे ही त्यांची ख्याती. कॅस्टर कमी-जास्त करावयाचा तर पाट्यांच्या स्प्रिंग आणि आख यांच्यामध्ये उताराची फाचर ठोकीत. मुंबईत शिवडीला १९२८ साली जनरल मोटर्सने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हापासून ही विद्या इकडेही पोचली. पण उपकरणांची वाण असल्यामुळे येथील कारागिराने तिला खडू आणि दोरीवर उतरवले.

ते काम जवळून पाहण्यासारखे असे. गाडी सपाट फरशीवर घेऊन पुढची बाजू जॅकवर उचलायची. चाक हाताने फिरवीत नक्षीच्या मध्यावर खडू धरायचा, म्हणजे परिघाभर एक पांढरा पट्टा उमटतो. मग टोकदार खिळा एका ठोकळ्यावर अचल धरून चाक पुन्हा फिरवायचे, आणि त्या पट्ट्यात केसासारखी बारीक रेघ ओढून घ्यायची. टायर जरी वेडावाकडा असला तरी ही रेघ वाकडी येत नाही, कारण ती चाकाच्या स्वतःच्या फिरण्यानेच काढलेली असते. दोन्ही चाकांवर अशी रेघ झाली की गाडी खाली टेकवून, हाताने पुढे-मागे ढकलून, सांधे आपापल्या जागी बसू द्यायचे. नंतर आखाच्या उंचीवर पुढून एक अंतर आणि मागून एक अंतर पट्टीने घ्यायचे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनी कमी आले की दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय-रॉडची बाही आवळून मोकळे व्हायचे. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाके रस्त्याच्या रेट्याने बाहेर फाकू पाहतात. उभ्या गाडीत ती तेवढी आत वळलेली ठेवली म्हणजे धावताना बरोबर समांतर होतात. एवढ्या साधनांनी साधलेला हा हिशेब चांगल्या यंत्राशी ताडून पाहिला तर पुष्कळदा तंतोतंत रुजू होतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा बहुतेक सारा पुरवठा दोस्तांच्या हातून गेला. अमेरिकेत टायरांवर जानेवारीतच निर्बंध आले. पेट्रोलची टंचाई नसलेल्या भागांतही पेट्रोल शिधापत्रावर ठेवले गेले, ते केवळ गाड्या कमी धावून टायर वाचावेत म्हणून. ताशी पस्तीस मैलांची मर्यादा घातली गेली. आणि ठरावीक मुदतीने टायर तपासून घेतल्याचा दाखला नसेल तर पेट्रोल मिळेना. एका कडेने खाल्लेला टायर ही त्या दिवसांत सरकारदरबारी नोंद होण्याजोगी बाब झाली. हिंदुस्थानातही परवान्यावाचून टायर दुर्मीळ झाले, कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या, आणि कडेचे रबर संपले तरी मधले शिल्लक आहे या भरवशावर लोकांनी टायर उलटसुलट फिरवून पुरवले.

स्वातंत्र्यानंतरची मोटार आमच्याकडे दीर्घायुषी होती आणि टायर महाग. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. भांडुपला सिएटचा कारखाना १९५८ चा. सुट्या भागांची पेठ मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास होती आणि किंगपिन, बुश, टाय-रॉडची टोके यांची तेथे अखंड देवघेव चाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जिची पहिली गाडी धावली, त्या एस. टी.च्या हिशेबात टायर हेही खर्चाचे एक कलम; जुन्या टायरावर नवे रबर चढवण्याचे महामंडळाचे स्वतःचे कारखाने आहेत. त्या कामातच तिरक्या झिजेचा खरा दंड भरावा लागतो, कारण सर्वांगाने सारखा झिजलेला टायर पुन्हा रबर चढवून घेता येतो, पण एका कडेला दोरे उघडे पडलेल्याची गत भंगारात होते, मग दुसऱ्या कडेवर कितीही माया शिल्लक असो.

मिशलँचा रेडियल टायर युद्धोत्तर फ्रान्समध्ये १९४६ साली पेटंट झाला. आपल्याकडे तो १९७७ साली जेके टायरने आणला. त्याच्या नक्षीखाली पोलादी पट्टा असतो, तो वाकत नाही. म्हणून तो दुप्पट टिकतो खरा, परंतु जुना मऊ टायर जो लहानसा वाकडेपणा पोटात घालून घेई, तो हा घेत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिची पुढचीच चाके गाडीला ओढणारी होती. अशी चाके जोर लागताच आत वळू पाहतात, म्हणून त्यांना उभ्यानेच आत वळवून ठेवण्याची जुनी रीत उलटी लागू होई. खडू-दोरीच्या कारागिराने फियाटच्या सवयीने तिचा टो ठेवला, की गिऱ्हाईक बाहेरची कड खाल्ली गेल्याची तक्रार घेऊन दाराशी उभे. बाहेर कललेला चाकाचा माथा या सुमारास जवळजवळ उभा झाला होता, आणि पुढे कित्येक गाड्यांत तो चक्क आत कलला. रथकाराने ज्या बाजूला झुकवला होता, त्याच्या नेमका विरुद्ध.

गाडी एका बाजूला ओढते याचा दोषही रेडियलच्या काळात नेहमी कोनांचा राहिला नाही. टायरचा पट्टा घडवताना किंचित शंकूसारखा झाला असेल, तर चाक निर्दोष असूनही तो गाडीला ओढतो. म्हणून जाणता मेकॅनिक पुढची दोन चाके डावी-उजवी आपसांत बदलून पाहतो, आणि ओढण्याची बाजू बदलली तर यंत्रावर गाडी न चढवता टायरविक्रेत्याकडे बोट दाखवतो.

१९९० च्या दशकापासून चाकांना परावर्तक पाट्या अडकवून समोरच्या कॅमेऱ्यांनी चारही चाकांचे कोन एकदम मोजण्याची यंत्रे आली, आणि हल्ली तालुक्याच्या गावीही ती दिसतात. पडद्यावर लाल आकडा हिरवा होतो, छापील कागद मालकाच्या हाती पडतो, पैसे दिले जातात. यंत्राचा दोष नाही. ते मोजते ते बिनचूक मोजते. पण भुजेचा बुश ढिला असेल तर फरशीवर हिरवा आलेला आकडा पहिल्या खड्ड्यातच लाल होतो, आणि हे यंत्र सांगत नाही. शिवाय नव्या गाड्यांत विजेचे स्टिअरिंग आहे. पुष्कळ गाड्यांतील हे स्टिअरिंग सततच्या ओढीला आपणच उलट जोर लावून चालकाच्या हाताला ती जाणवू देत नाही, म्हणजे जी खूण सर्वांत आधी मिळत असे तीच बुजली. चार-पाच हजार किलोमीटरला चाके आपसांत बदलताना नक्षीवर आडवा हात फिरवावा, आतली कड वाकून पाहावी आणि कोन मोजण्यापूर्वी चाक उचलून, वर-खाली धरून हलवावे, हे आजही यंत्राच्या आधी करावयाचे काम आहे. बहुतेक ठिकाणी ते मागितल्याशिवाय कोणी करीत नाही.